हातातलं वजन

वेन्याकाकांना कुणी विचारलं, की तुम्ही काम काय करता हो, तर ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "मासे धरतो." आणि हे अगदीच खोटं नव्हतं. अडीच मीटर लांब काठी, काठीच्या टोकाला दोरी, दोरीला लोखंडी कडी. फक्त त्या कडीला मासा लागायचा नाही, पोरगी लागायची. छातीला आणि कंबरेला पट्टे आवळलेली, पात्याचे बूट घातलेली, बाराचौदा वर्षांची पोरगी. ती बर्फावरून वेग घ्यायची, काका काठी धरून तिच्या बाजूनं घसरत जायचे, ती उडी घेई त्याच क्षणाला काका काठी वर उचलायचे, आणि पोरगी हवेत गिरक्या घेऊन परत बर्फावर टेकायची. चुकली तर दोरी तिला धरायची. पीटर्सबर्गच्या कुपचिनो भागातल्या त्या रिंकवर सगळे त्या काठीला गळच म्हणत. नव्यानं आलेल्या पोरींचे बाप म्हणायचे, "हे काय काम झालं? काठी तर कुणीही धरेल." काका म्हणायचे, "धरा की." बाप काठी घ्यायचे आणि दुसऱ्या मिनिटाला बर्फावर आपटायचे.

काठी उचलणं ही त्यातली सोपी गोष्ट. खरं काम होतं ते न उचलण्याचं. पहिल्या दिवशी पोरीचं आठदहा किलो वजन काकांच्या तळहातावर यायचं. मग आठवड्याआठवड्यानं ते कमी करत न्यायचं, तेही पोरीच्या नकळत. तिला वाटत राहायचं की काका आहेत, आणि काका हळूहळू नाहीसे होत जायचे. मग एक दिवस असा यायचा, की काठी नुसती बरोबर चालायची आणि तळहातावर काहीच यायचं नाही. त्या दिवशी कठड्याशी उभ्या असलेल्या मुख्य प्रशिक्षक रेगिनाबाई विचारायच्या, "वेन्या, हातात किती?" आणि काका म्हणायचे, "शून्य." झालं. पट्टे सुटले, पोरगी मोकळी. ती उडी तिच्या कार्यक्रमात जायची, ती स्पर्धेला जायची, आणि काकांच्या काठीकडे पुन्हा ढुंकूनही बघायची नाही. गरज सरो, वैद्य मरो. एकोणीस वर्षांत एकतीस पोरी अशा शून्य होऊन गेल्या.

बरं, त्या वाईट होत्या असं नाही. वाढदिवसाला फोन करायच्या, एखादी जपानहून चहाचा डबा आणायची. पण उडी शिकताना पोरगी ज्या विश्वासानं स्वतःला तुमच्या हातावर टाकते, तो विश्वास डब्यातून येत नाही.

रेगिना ओलेगोव्हना म्हणजे माणूस कमी आणि हवामान जास्त. त्या आत आल्या की काय पडणार ते सगळ्यांना कळायचं. त्यांच्या गटात जागा सहा. सातवी पोरगी घ्यायची तर सहांतली एक जायची. पोरीनं काय खायचं, केस किती कापायचे, कुठल्या संगीतावर नाचायचं, आजीच्या मयताला जायचं की नाही, सगळं बाई ठरवायच्या. आईनं नऊ महिने पोटात वाढवलं ते वाढवलं, पुढची मालकी बाईंची. आयाही काही बोलायच्या नाहीत, कारण बाईंच्या हाताखालून निघालेल्या पोरी जगात पदकं आणत होत्या. पण एका बाबतीत बाईंचं स्वतःवर चालायचं नाही. उडी पिकली की नाही हे त्या वेन्याकाकांना विचारायच्या. "माझे डोळे फसतात," त्या म्हणायच्या. "वेन्याचा तळहात नाही फसत."

हा तळहात आला कुठून, ते सांगायला हवं.

वेन्याकाका, म्हणजे वेनियामिन साव्हेल्येविच, मूळचे नीझ्नी तागीलचे. आई रिंकवर साफसफाई करायची, घरी कुणी नाही म्हणून पोराला बरोबर न्यायची, आणि पोरगं कुणाचे तरी जुने बूट घालून बर्फावर उभं राहिलं. बाराव्या वर्षी त्याला स्वेर्दलोव्स्कला नेलं. तिथले प्रशिक्षक प्लातोन इग्नात्येविच. त्यांनी एका रांगेत मुलगे उभे केले, दुसऱ्या रांगेत मुली, आणि हात धरून जोड्या लावल्या. "तू हिच्याबरोबर. तू तिच्याबरोबर." वेन्याच्या वाट्याला आली इनेसा, दातांत फट असलेली, नऊ वर्षांची. लग्नं जुळवायला सुद्धा माणसं याहून जास्त वेळ घेतात.

दहा वर्षं दोघं एकत्र खेळले. दहा वर्षं रोज सकाळी त्यानं तिला डोक्यावर उचललं. सकाळी उचलली की त्याला कळायचं. "काल कोबीची पिरोश्की खाल्लीस," तो खालून म्हणायचा. "नाही!" ती वरून. "तीन." "दोनच!" मग दोघंही इतकी हसायची की प्लातोन इग्नात्येविच शिट्टी फेकून मारायचे. तिचं मन थाऱ्यावर नसलं, झोप झाली नसली, घरी भांडण झालं असलं, सगळं तिच्या वजनातून त्याच्या मनगटात उतरायचं. एवढं एखाद्याबद्दल कळायला लागलं की त्याला काय म्हणायचं ते वेन्याला ठाऊक नव्हतं. तो कधी बोलला नाही. बावीस वर्षांचा झाला तेव्हा बोलू म्हणाला, हिवाळा संपू दे.

हिवाळा संपायच्या आत एका सकाळी प्लातोन इग्नात्येविच आले. पोरं बाकावर बसून बूट बांधत होती. ते थांबलेही नाहीत, चालता चालता म्हणाले, "इनेसा आजपासून शेस्ताकोवबरोबर. वेन्या, तू जरा आराम कर." बस्स. शेस्ताकोव उंच होता, तिला जास्त लांब फेकू शकायचा, हिशेब बरोबर होता. इनेसानं एकदा वेन्याकडे बघितलं, मग बुटाच्या नाडीकडे बघितलं, आणि उठून गेली. ती तरी काय करणार होती? प्रशिक्षकानं सांगितल्यावर पोरं उठत, एवढंच सगळ्यांना शिकवलेलं होतं. दुसऱ्या वर्षी ती युरोपात चौथी आली. वेन्यानं ते हॉटेलच्या टीव्हीवर बघितलं, कारण तोवर तो बर्फावरच्या सर्कशीत अस्वल झाला होता.

पंधरा-वीस वर्षं अस्वल, लांडगा, कधी हिवाळ्याचा म्हातारा. मध्येच कपडेपटातल्या एकीशी लग्न केलं, ती चार वर्षांनी व्होलोग्दाला माहेरी गेली ती गेलीच. "तू घरी असतोस, पण तुझे हात कुठेतरी दुसरीकडेच असतात," असं जाताना म्हणाली. मग एक दिवस रेगिनाचा फोन आला. स्वेर्दलोव्स्कच्या त्याच बाकावर त्या सकाळी पंधरा वर्षांची रेगिनाही बूट बांधत बसली होती. "वेन्या," ती म्हणाली, "अस्वलगिरी पुरे झाली. मला काठी धरायला माणूस हवाय."

असे ते काठीवाले झाले. पहिली पोरगी पट्ट्यात बांधून उचलली आणि तिचं वजन तळहातावर आलं, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत जाऊन हा धटिंगण माणूस रडला. नळ सोडून रडला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

आता ग्लाशाचं. नाव ग्लाफीरा, गाव इझेव्स्क, अकराव्या वर्षी पीटर्सबर्गला आली, वसतिगृहात राहायची. तोंडाची टकळी अखंड चालू. काकांच्या मांजरीची रोज चौकशी, काकांच्या सिगारेटींवर रोज भाषण. "काका, तुमची फुप्फुसं बाईंना दाखवा, बाई त्यांना गटातून काढून टाकतील." काका म्हणायचे, "तू आधी उडी मार, चिमणे, मग भाषणं मार." एकतीस पोरींना काठी धरली, पण ही बत्तिसावी घरात आल्यासारखी आली. रविवारी काकांकडे यायची, मांजरीच्या पुढ्यात बसून गृहपाठ करायची, आणि काका कुट्टूची लापशी ढवळत आतून तिची बडबड ऐकायचे.

चौदाव्या वर्षी ती तिहेरी ॲक्सेल मारायला लागली. साडेतीन गिरक्या, पुढं तोंड करून घ्यायची उडी, मोठ्यामोठ्यांची भंबेरी उडवणारी. आणि एप्रिलमध्ये त्याच उडीवर ती पडली, घोट्याचं हाड चिरलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टरमध्ये पोरगी चार सेंटिमीटर वाढली. जूनमध्ये परत आली ती वेगळीच होऊन. पट्ट्यात असली की चालायचं. पट्टे काढले, की हवेत गेल्यावर हातपाय उघडायचे आणि उडीचं वाटोळं. तिथली माणसं त्याला फुलपाखरू म्हणतात. नाव गोड आहे, पण ते ऐकलं की पोरी रडतात.

रेगिनाबाईंनी स्पष्ट सांगितलं. "ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी मी संघनिवडीच्या चाचणीची यादी पाठवते. तोवर वेन्या शून्य म्हणाला, तर तू यादीत. नाही म्हणाला, तर इझेव्स्क. कझानची मुलगी मी कधीची थांबवून ठेवलीय." आणि घोट्याचं प्रकरण ताजं होतं, म्हणून आणखी एक अट: काकांच्या शून्याशिवाय पट्टे सोडून ॲक्सेल मारायचा नाही, एकदाही नाही.

म्हणजे पोरीचं सगळं आयुष्य एका माणसाच्या तळहातावर येऊन बसलं.

तीन ऑगस्टला, सकाळच्या दुसऱ्या तासाला, ग्लाशानं वेग घेतला, वळली, उडाली. काकांनी काठी उचलली आणि तळहातावर काहीच आलं नाही. दोरी सैल. पोरगी आपली आपण वर गेली, आपली आपण फिरली, आपली आपण उतरली, आणि तिला पत्ताही नव्हता. कठड्यावरून आवाज आला, "वेन्या, हातात किती?"

शून्य ओठावर आलं होतं. बाहेर पडलं ते, "दीड किलो."

का? एकोणीस वर्षांत ज्यानं पाव किलोचीही थाप मारली नव्हती, त्या माणसाला त्या दिवशी काय झालं? काही नाही हो. उद्या ती काठीला येणार नव्हती, एवढंच झालं. शून्य म्हटलं की पट्टे सुटणार, दुपारी ती मोकळी उड्या मारणार, मग सराव, मग शिबिर, मग विमानं, मग जपानचा चहा. काकांना वाटलं, एक दिवस. एकसष्टाव्या वर्षी माणसानं एक दिवस मागितला तर कुणाचं काय जातं? उद्या सांगू.

उद्या सांगितलं नाही. परवा सांगितलं नाही. रोज सकाळी दोरी सैल, रोज बाईंचा प्रश्न, रोज "दीड." दुसऱ्या आठवड्यात तर काकांच्या हातानं अधूनमधून खरंच ओढायला सुरुवात केली, म्हणजे शब्द खोटा पडू नये. मनाची समजूत घालायला माणूस कुठवर जातो बघा. घोटा ताजा आहे, पोरगी घाबरट आहे, आणखी थोडं पक्कं होऊ दे, असं ते रात्री मांजरीला समजावून सांगायचे. मांजरीला पटायचं. त्यांना पटत नव्हतं.

आणि पोरगी? ती ते दीड किलो शोधत होती. "काका, ते आहे तरी कुठं हो? मला सापडतच नाही," ती हसत म्हणायची. मग हसणं थांबलं. एक दिवस काकांच्या लक्षात आलं, की रविवारची लापशी तिनं नुसती चिवडली. "खा गं," काका म्हणाले. "भूक नाही." "खा म्हणतो ना!" तिनं चमचा खाली ठेवला. "तुम्हीच म्हणता ना दीड किलो जास्त आहे म्हणून? मग ते कुठून तरी कमी करायलाच हवं."

तिथंच, त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर तीन तारखेपासूनचं सांगायला हवं होतं, आणि एक दिवसाची थाप कबूल करता येते, पंधरा दिवसांची करता येत नाही. तिच्या वाटीतली लापशी त्यांनी मांजरीला घातली.

शेवटचा शुक्रवार उजाडला. सकाळी बाईंनी विचारलं, "वेन्या, शेवटचं विचारते. हातात किती?" ग्लाशा कमरेवर हात ठेवून धापा टाकत काकांच्या तोंडाकडे बघत होती. काकांनी नुसती मान हलवली, आणि बाईंनी त्या मानेचा अर्थ घ्यायचा तोच घेतला. "ठीक," त्या म्हणाल्या, आणि वही मिटली. आवाज चढला नाही, काही नाही. प्लातोन इग्नात्येविचही आवाज चढवायचे नाहीत.

ग्लाशाची आई रायसा आदल्या दिवशीच इझेव्स्कहून आली होती. शिकलेली नव्हती, शिवणकाम करायची, पोरीच्या पोशाखावरचा मणी अन् मणी तिनं स्वतः शिवलेला. संध्याकाळच्या गाडीची तिकिटं होती. तीन वाजता कपडे बदलायच्या खोलीत सामान बांधून झालं, टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. काका निरोप द्यायला आले होते. रेगिनाबाईही आल्या होत्या. जाणाऱ्या पोरीला त्या स्वतः दारापर्यंत सोडायच्या, एवढं त्यांच्यात होतं.

"चला, वाटेसाठी बसूया," रायसा म्हणाली.

निघण्याआधी सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं, नाहीतर प्रवास धड होत नाही. या बाबतीत बाईंचंही काही चालत नाही; त्याही बाकावर टेकल्या. ग्लाशा सुटकेसवर बसली. रायसा खिडकीच्या कट्ट्यावर. काका बुटांच्या फडताळाशी. आणि उठायचं ते सगळ्यांत थोरल्यानं आधी. तो उठला की बाकीचे उठतात, त्याच्याआधी कुणी हलत नाही.

थोरले काकाच होते.

मिनिट झालं. खाली टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला. दुसरं मिनिट झालं. ग्लाशा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती, रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं, आणि मनगटं इतकी बारीक झाली होती, की काकांना ती बघवेनात. आपण उठलो की ही उठणार. उठली की जाणार. आपण ठेवून घ्यायला निघालो होतो, आणि आता घालवायलाही आपणच बसलोय.

"वेनियामिन साव्हेल्येविच," रायसा हळूच म्हणाली, "उठा हो. गाडी चुकेल."

"शून्य आहे," काका म्हणाले.

"काय?" बाईंनी विचारलं.

"हातात. तीन तारखेपासून शून्य आहे."

रायसाला काहीच कळेना. ती एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "काय शून्य? माझी पोरगी शून्य?"

"थांब गं बाई," रेगिनाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "वेन्या, माझ्याकडे बघ. आज सव्वीस तारीख आहे. तीन तारखेपासून तू मला रोज दीड सांगतोयस. का?"

"शून्य झालं की त्या जातात," काका म्हणाले. "मला वाटलं, एक दिवस ठेवून घ्यावी. मग वाटलं, अजून एक. मग सांगायची लाज वाटली." आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांत लपवलं.

बाई म्हणाल्या, "इनेसा. वेन्या, अरे चाळीस वर्षं झाली."

"एकोणचाळीस," काका हातांआडून म्हणाले.

एवढ्यात ग्लाशा उठून उभी राहिली. आनंदानं नव्हे. रागानं. "खोटं बोलताय तुम्ही! काल दीड होतं, आज सकाळी सुद्धा होतं. आई आली, रडली, सुटकेस बघितली, आणि लगेच शून्य झालं? मला दया नकोय तुमची!"

"दया नाही गं..."

"मग? तेव्हा खोटं होतं की आता खोटं आहे?"

ज्याच्या शब्दावर एकतीस पोरी डोळे मिटून हवेत गेल्या, त्याच्या शब्दाची किंमत आता रद्दीइतकीही उरली नव्हती. आणि शब्द चालला नाही, तर ही पोरगी काठी सुटताच पुन्हा फुलपाखरू होणार, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. विश्वास बसल्याशिवाय हवेत अंग बंद राहत नाही.

काका उठले. "रायसा, तुझ्याकडे दोरा आहे?"

"कसला दोरा?"

"शिवायचा. साधा. बटण लावायचा."

रायसाच्या पिशवीत दोरा नाही असं कसं होईल! तिनं पांढरं रीळ काढलं. काकांनी कोपऱ्यातली काठी घेतली, तिच्या दोरीची कडी सोडली, दोरी आणि कडी यांच्यामध्ये हातभर दोरा बांधला, एकेरी, आणि काठी ग्लाशापुढे धरली. "दीड किलो काय, अर्धा किलो ओढलं तरी हा तुटेल. तुटला तर मी लबाड. मग खुशाल टॅक्सीत बस, मी सुटकेस उचलून देतो."

ग्लाशानं बाईंकडे बघितलं. आजवर घोट्यासाठी आणि नियमासाठी एकदाही न ढळलेल्या बाई म्हणाल्या, "बूट घाल."

बर्फावर दुपारच्या लहान पोरांचा वर्ग चालू होता. बाईंनी हात वर केला आणि सगळी पोरं कठड्याला जाऊन चिकटली. रायसा चपला घालूनच कडेला उभी राहिली. पट्टे बांधले, कडी लावली. ग्लाशा निघाली, काका बाजूनं निघाले, काठी पुढं, दोऱ्याचा झोळ हवेत. ती वळली, उडाली, आणि वर जाताच हात उघडले. दीड गिरकी. फुलपाखरू. ती पायांवरच उतरली, पण मान खाली घालून उभी राहिली. दोरा शाबूत होता. पण त्यानं काय सिद्ध होणार?

"बघितलंत?" ती म्हणाली.

"बघितलं," काका म्हणाले. "आता ऐक. मी तुला धरलेलं नाही, ग्लाशा. तू माझ्यावर रागावलीयस ना? मग राग धर. मला माफ करू नकोस. पण तीन आठवडे तू एकटी मारतेयस ही उडी, हे माझ्या या हातांना ठाऊक आहे. ते तुला न सांगणारा मी नालायक, हात नालायक नाहीत."

तिनं नाक पुसलं, एक मोठा फेरा घेतला, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेगानं, काकांना धाप लागेपर्यंत, आणि उडाली. हात छातीशी गच्च. एक, दोन, तीन, आणि अर्धी. पातं बर्फावर टेकल्याचा तो कोरडा आवाज झाला आणि ती मागं घसरत गेली, एक पाय लांब मागं टाकून, सरळ.

कठड्याची पोरं ओरडायला लागली. ग्लाशानं मान वळवून वर बघितलं. दोरा तसाच होता, झोळ खाऊन लोंबत. तिनं तो दोन बोटांत धरला आणि जरा ओढला. पट्कन तुटला.

मग तिनं स्वतःच पट्टे सोडले, बर्फावर टाकले, आणि काही न बांधता गेली. एकदा पडली. उठली. एकदा उतरली. पुन्हा उतरली. रायसा तोंडावर रुमाल धरून हुंदके देत होती, टॅक्सीवाला वर येऊन "बाई, जायचंय की नाही?" म्हणत होता, आणि कुणीही त्याच्याकडे लक्ष देत नव्हतं.

रेगिनाबाई काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघंही बर्फाकडे बघत होते.

"यादी पाठवते आज," त्या म्हणाल्या. "कझानला 'नाही' म्हणून कळवते."

"बरं."

"मी एकोणीस वर्षं तुझ्या हाताला विचारून पोरींना हवेत पाठवलंय, वेन्या. आता विचारलं तर मला उत्तर ऐकू येईल, पण मी ते धरून चालू शकणार नाही." त्यांनाही जड जात होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "सोमवारपासून काठी आपल्या मदतनीस येगोरकडे दे. तो तरुण आहे, चुका करेल, पण त्या चुकाच असतील. तू पात्यांना धार लावायचं बघ. पगार तोच राहील."

काकांनी मान हलवली. भांडायला काही नव्हतंच. शून्य म्हणताना त्यांना हे दिसलं होतं, दिसूनच ते उशिरा बोलले होते. त्यांनी बर्फावरचे पट्टे उचलले, झटकले, गुंडाळले, आणि काठी कठड्याला टेकवून ठेवली. हात मोकळे झाले तसे ते कुठं ठेवायचे हे त्यांना कळेना.

ग्लाशा पाणी प्यायला कठड्याशी आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल. तिनं बाटली अर्धी रिकामी केली. काठी येगोरकडे जाणार हे तिला ठाऊक नव्हतं; काकांशी बोलावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं.

"मी तीन आठवडे रात्री जेवले नाही," शेवटी ती म्हणाली.

"मला माहीत होतं."

"माहीत होतं!" तिचे डोळे पुन्हा भरून आले. तिनं मनगटानं ते पुसले. मागून बाईंनी हाक मारली, "ग्लाफीरा, अजून दोन!" ती वळली, मग थांबली. "काका, माझं जाऊ दे. पण पुढच्या पोरीला तरी त्याच दिवशी सांगा."

"सांगेन," वेन्याकाका म्हणाले. "त्याच दिवशी सांगेन."